टाकी भरायला किती वेळ लागतो? वऱ्हाडातला एक जुना वाद

विजेवर चालणारी मोटार घ्यावी की पेट्रोलची, या विषयावर आज दोन तरुण बोलू लागले की चौथ्या वाक्याला प्रश्न येतोच: "पंपावर पाच मिनिटांत टाकी भरते, चार्जिंगला किती वेळ बसायचं?" पाचव्या वाक्यात कुणीतरी असे इंग्रजी शब्द फेकतो की ऐकणाऱ्याला गाडीही कळत नाही आणि मुद्दाही. इंधनाची सोय आणि धंद्याची परिभाषा हे तंत्रज्ञानावरच्या वादांचे दोन खांब आजचे वाटतात. अकोला आणि अमरावती जिल्ह्यांनी मात्र हे दोन्ही वाद गेल्या दीडशे वर्षांत अनेकदा पाहिले आहेत आणि त्यांची किंमतही मोजली आहे. ही मालिका त्याविषयी आहे. थोडी लांब आहे.

सुरुवात बैलापासून करणे भाग आहे.

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला, तेव्हा इथला कापूस बाहेर जाई तो बैलाच्या पाठीवरून. बंजाऱ्यांचे तांडे येताना मीठ आणत आणि जाताना रुई नेत. त्यांची एक मोठी वाट थेट गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जाई. हजारो बैलांच्या या वाहतुकीत 'इंधन भरणे' नावाची वेगळी क्रियाच नव्हती. बैल चालता चालता चरत, मुक्कामाला रवंथ करत आणि पहाटे पुन्हा निघत. वाटेतले गवत हाच त्यांचा पंप होता आणि त्याचे बिल कुणी फाडत नसे.

गावातल्या बंडीचे गणित याहून सुबक होते. हातरेच्यावर कापूस पिंजून रुई वेगळी केली की सरकी घरातच राही. ती सरकी बैलांच्या दावणीत जाई आणि तेच बैल रुई बाजारात ओढून नेत. मालातूनच इंधन निघावे आणि त्या इंधनावर माल हलावा, ही व्यवस्था कुठल्याही अभियंत्याला हेवा वाटावा अशी होती. यंत्राची देखभालही ठरलेली असे. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी, लोणी-हळदीने जूं घासलेल्या खांद्याला चोळणे आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण सुट्टी. आपण तिला फक्त सण म्हणतो.

पण या सुबक गणितात एक मोठा खड्डा होता आणि तो अक्षरशः जमिनीत होता. वऱ्हाडची काळी कन्हार जमीन कापसाला जितकी उदार, तितकीच चाकाला निर्दय. पाऊस पडला की बंडी आसापर्यंत रुतते. म्हणजे वर्षातले चार महिने इंधन भरपूर आणि वाहतूक शून्य. बैलगाडीची बाजू मांडणारे नेहमी चाऱ्याच्या स्वस्ताईबद्दल बोलत, विरोधक चिखलाबद्दल. दोघेही खरे बोलत होते आणि म्हणूनच वाद मिटत नव्हता.

तो मिटवला अमेरिकेने. १८६१ ते १८६५ या काळात तिथे यादवी युद्ध झाले, अमेरिकी कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना आणि इंग्लंडची नजर वऱ्हाडावर खिळली. मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे अकोला, बडनेरा करत १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. युद्ध तोवर संपले होते, पण रूळ पडले ते पडलेच. कापसासाठी स्वतंत्र कमिशनर नेमला गेला. हॅरी रिव्हेट-कारनॅक हे नाव त्या काळच्या कागदपत्रांत पुन्हा पुन्हा भेटते. १८७० मध्ये आल्फ्रेड लायल यांनी वऱ्हाडचे गॅझेटिअर सिद्ध केले, त्यातही कापूस, वाटा आणि बाजार यांनी बरीच जागा अडवली आहे.

आता गंमत पाहा. मुख्य मार्ग बडनेऱ्यावरून गेला आणि बाजार होता अमरावतीत, सुमारे दहा किलोमीटरवर. खामगावचा बाजार तर त्याहून मोठा मानला जाई, आणि त्याचे जवळचे स्टेशन जलंब, तेरा किलोमीटर दूर. आगगाडी एका दिवसात मुंबई गाठून देणार, पण तिच्यापर्यंत माल न्यायला पुन्हा बंडीच. बाजारात बंडी भरा, स्टेशनवर रिकामी करा, वाघिणीत पुन्हा भरा. प्रत्येक चढउताराची हमाली वेगळी आणि प्रत्येक उताऱ्यात थोडी रुई मातीत. वेगवान यंत्राची सारी कमाई त्या शेवटच्या दहा किलोमीटरांत झिजत होती. म्हणून सरकारने १८७० मध्ये जलंब–खामगाव आणि १८७१ मध्ये बडनेरा–अमरावती हे छोटे फाटे बांधले. चार्जिंगचा खांबा महामार्गावर आहे, पण घर तिथून दहा किलोमीटर आत आहे, ही आजची तक्रार ज्यांना नवी वाटते त्यांनी बडनेरा स्टेशनवर उतरून अमरावतीच्या दिशेने जाणारा तो फाटा एकदा बघावा.

कोळशाचा प्रश्नही तसाच जवळ आणला गेला. १८७० च्या दशकात वरोऱ्याला सरकारी खाण सुरू झाली आणि वर्ध्याहून तिथवर रेल्वे नेण्यात आली. या रेल्वेच्या नावातच कोळसा होता. इंधन दुरून आणायचे तर यंत्र महाग पडते, हे गणित तेव्हाच्या अभियंत्यांना पक्के ठाऊक होते.

रेल्वेमागोमाग जीन आले. वऱ्हाडात आजही कुणी 'जिनिंग फॅक्टरी' म्हणत नाही. माणूस जिनात जातो, जिनात कामाला असतो, जिनाच्या भोंग्यावर घड्याळ लावतो. वाफेवर चालणाऱ्या जिनाने हातरेचा संपवला आणि त्याबरोबर ते जुने सुबक चक्रही मोडले. कापूस जिनात गेला तशी सरकीही जिनात गेली. बैलाचे खाद्य आता पैसे मोजून ढेपेच्या रूपात परत आणावे लागे. शेतकऱ्याच्या दृष्टीने यंत्रयुगाचा पहिला अर्थ हा होता: घरचे इंधन बाजारचे झाले. जीन आणि रेल्वेच्या कौतुकाने भरलेल्या वर्णनांत ही नोंद क्वचितच सापडते आणि ती तिथे नसणे बरेच काही सांगते.

इथे परिभाषेचा विषय येतो, कारण बाजारात कापूस जितका तोलला जाई तितकेच शब्दही.

खंडी हा शब्द घ्या. धान्याच्या व्यवहारात खंडी म्हणजे वीस मण, आणि मण कुठला हे गावागावांवर. कापसाच्या व्यापारात मात्र मुंबईची खंडी चाले, ७८४ पौंडांची. गावात ज्वारी विकणारा शेतकरी जी खंडी जाणत होता ती आणि अडत्याच्या वहीतली खंडी एकच नव्हती. नाव तेवढे एक होते. भाव खंडीवर ठरे, माल बंडीने येई, हिशेब तोलणारा करी. मग कडता आला, म्हणजे ओल, कचरा, गोणी यांच्या नावाने वजनातून काढलेला भाग. मग अडत, हमाली, तोलाई, धर्मादाय. यातला प्रत्येक शब्द जाणकाराला स्वच्छ अर्थाचा आणि परक्याला निव्वळ आवाज होता. भाव ठरवण्याची एक रीत तर शब्दांच्याही पलीकडची: रुमालाखाली दोघांचे हात, बोटांच्या खुणा आणि शेजारी उभा असलेला मालाचा धनी आकाशाकडे बघतो आहे. मराठी मुलखातल्या अनेक बाजारांत ही 'हत्ता' पद्धत पुढेही दीर्घकाळ टिकली.

परिभाषा धंद्यासाठी आवश्यक असते, असे व्यापारी म्हणत, आणि ते खोटे नव्हते. दिवसात शेकडो बंड्या येतात तेव्हा प्रत्येक सौद्याला सविस्तर वाक्ये बोलत बसता येत नाहीत. पण जो शब्द काम झटपट करतो तोच शब्द शेजारच्याला बाहेरही ठेवतो. कापसाच्या बाजारात बाहेर राहणाऱ्याचे नुकसान पैशांत मोजता येत होते.

१८८६ मध्ये कारंज्याला हिंदुस्थानातला पहिला नियंत्रित बाजार सुरू झाला. वऱ्हाड तेव्हा हैदराबादच्या रेसिडेंटच्या अखत्यारीत होता, त्यामुळे हे त्यांच्याच आदेशाने झाले. पाठोपाठ १८९७ मध्ये वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा आला. बाजार कुठे भरेल, कोणती वजने चालतील, दलाल आणि तोलणारे कोण, कोणते शुल्क घेता येईल, हे पहिल्यांदा कागदावर उतरले. पुढे देशभर पसरलेल्या कृषी उत्पन्न बाजार समित्यांचे हे मूळ. इंग्रजांचा हेतू शेतकऱ्याच्या कल्याणाचा होता असे मानण्याइतके भोळे होण्याचे कारण नाही. मँचेस्टरला शुद्ध आणि नीट तोललेली रुई हवी होती. शिवाय बाजार समित्यांवर वजन व्यापाऱ्यांचे होते. १९२८ च्या शाही कृषी आयोगाने वऱ्हाडच्या या पद्धतीचा गौरव केला आणि तिच्यात पिकवणाऱ्याला जागा नाही, हा दोषही दाखवला.

खंडी मात्र मेली नाही. किलोग्रॅम आले, कायदे बदलले, पण भारतातल्या रुईचा भाव आजही खंडीत बोलला जातो: ३५५.६२ किलो, म्हणजे तेच ७८४ पौंड. दशमान पद्धतीच्या पुरस्कर्त्यांनी या आकड्याकडे पाहून सुस्कारा सोडावा इतकी ही परिभाषा चिवट निघाली.

आता त्या गाडीकडे वळू, जिच्याशिवाय या भागाचा इतिहास कुणी सांगत नाही.

१९१० मध्ये किलिक निक्सन या मुंबईच्या व्यापारी पेढीच्या पुढाकाराने सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभी राहिली. तिने अचलपूर–मूर्तिजापूर–यवतमाळ असा सुमारे १९० किलोमीटरचा अरुंद मार्ग बांधला. दोन रुळांतले अंतर अवघे अडीच फूट, ७६२ मिलिमीटर. मध्यभागी मूर्तिजापूर, जिथे मुंबई–नागपूर मुख्य मार्ग भेटतो. एक शाखा दर्यापूर, अंजनगाव करत अचलपूरला, दुसरी कारंजा, दारव्हा करत यवतमाळला. कापूस गोळा करून मूर्तिजापूरला आणायचा आणि मोठ्या गाडीच्या स्वाधीन करायचा, एवढेच तिचे काम होते. माणसांनी तिला पुढे शकुंतला म्हटले आणि आपली मानली. देश स्वतंत्र झाला, रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी हा मार्ग खासगी कंपनीच्या मालकीचा राहिला आणि गाडी चालवणारी रेल्वे मालकाला मोबदला देत राहिली. या विचित्र व्यवस्थेवर भरपूर लिहून झाले आहे, म्हणून इथे इंधनाकडे पाहू.

तिचे वाफेचे इंजिन १९२१ मध्ये मँचेस्टरला घडले आणि १९२३ पासून इथे धावू लागले. वाफेच्या इंजिनाची टाकी भरणे म्हणजे काय, हे आज समजावून सांगावे लागते. थंड इंजिन उठवायला काही तास लागतात. पहाटेच्या गाडीसाठी आगवाला मध्यरात्रीच भट्टी पेटवतो, पाणी तापते, दाब चढतो, मग कुठे चाक हलते. एकदा निघाल्यावर कोळसा बराच काळ पुरतो, पण पाणी पुरत नाही. वाफ बाहेर जाते ती जातेच. म्हणून ठराविक अंतरावर थांबायचे, हौदाची सोंड इंजिनावर आणायची आणि पाणी सोडायचे. कोळशाच्या नावाने ओळखले जाणारे हे यंत्र खरे पाहता पाण्यावर अवलंबून होते.

आणि पाणी इथे कसे आहे? पूर्णेच्या खोऱ्यातला मोठा प्रदेश खारपाणपट्ट्यात येतो. दर्यापूरकडे विहीर खणली तर पाणी लागते, पण ते तोंडात धरवत नाही. माणसाला नको असलेले पाणी बॉयलरलाही नको असते: क्षारांचा थर नळ्यांवर साचतो, उष्णता अडते, फेस उठून वाफेबरोबर पाणी सिलिंडरमध्ये शिरते. मराठीत याला साधा शब्द आहे, साका. या मुलखात इंजिनाला पाणी पाजायचे तर ते गोडे असावे लागे, आणि गोडे पाणी कुठे आहे हे गावातल्या बायकांना रेल्वेच्या नकाशापेक्षा अधिक नेमके माहीत असे.

असे असूनही हे इंजिन सत्तर वर्षे चालले. ताशी वीस किलोमीटरच्या आसपास वेग, सातेक कर्मचाऱ्यांचा चमू आणि तिकीट देण्यापासून फाटक लावण्यापर्यंत सारी कामे त्यांच्यातच वाटलेली. शेवटी १५ एप्रिल १९९४ रोजी वाफेचे इंजिन काढून डिझेलचे जोडण्यात आले. सोयीच्या दृष्टीने हा निर्णय वादातीत होता: कळ दाबली की इंजिन सुरू, टाकी एकदा भरली की पाण्यासाठी थांबणे नाही, मध्यरात्रीची भट्टी नाही. पण इंधन बदलले म्हणून गाडी वेगवान झाली नाही, कारण रूळ तेच होते. जुन्या रुळांवर नवे इंजिन ठेवून प्रगतीचे छायाचित्र निघते, प्रवास मात्र तितकाच लांब राहतो. वाफ की डिझेल या चर्चेत मार्गाच्या देखभालीचा मूळ मुद्दा बाजूला पडला, आणि त्याचा परिणाम असा की अखेरीस डिझेलची गाडीही थांबली. २०१६ मध्ये रुंदीकरणाची घोषणा झाली. आजही अचलपूरकडचे लोक त्या मार्गाची वाट पाहत आहेत.

मोटारीची कथा तुलनेने थोडक्यात. सुरुवातीला पेट्रोल पंपावर मिळत नसे, डब्यात मिळे. चार गॅलनचे पत्र्याचे डबे, दोन डब्यांना एक लाकडी खोके, आणि नरसाळ्याने गाडीत ओतणे. रॉकेलही त्याच डब्यात येई. हे रिकामे डबे वऱ्हाडातल्या घराघरांत पाणी, धान्य, गूळ, तेल साठवायला स्थिरावले; तेलाचा डबा हे माप अजून किराणा दुकानात जिवंत आहे. मोटार शंभरातल्या एकाकडेही नव्हती, पण तिचे इंधन ज्या पत्र्यात आले तो पत्रा सर्वांकडे पोहोचला.

दुसऱ्या महायुद्धात मात्र हा सोयीचा डौल उतरला. १९४१ मध्ये पेट्रोलवर नियंत्रण आले आणि देशभर प्रवासी मोटारींच्या मागे किंवा बाजूला लोखंडी भट्ट्या लटकू लागल्या. लाकडी कोळसा अपुऱ्या हवेत जाळायचा, त्यातून निघणारा वायू गाळून इंजिनात सोडायचा. चालकाने आधी भट्टी पेटवून पंख्याने फुंकायची, दहा-पंधरा मिनिटांनी वायू धड झाला की गाडी सुरू करायची. वाटेत राख काढायची, कोळसा घालायचा. चढ आला की इंजिन धापा टाकी. त्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असल्याने बंद जागेत भट्टी पेटवणे जिवावर बेतू शके. ज्या मोटारीने बैलाला मागासलेला ठरवले, तिलाच लाकूड जाळून चालावे लागले, आणि त्या वेळी रस्त्याकडेच्या गवतावर चालणारी बंडी शांतपणे आपल्या गतीने जातच होती. इंधनाची सोय हा यंत्राचा गुण असतो की त्यामागच्या पुरवठ्याचा, याचे उत्तर त्या चार-पाच वर्षांत मिळाले होते. पेट्रोल परत आले तसे सगळे ते विसरले.

युद्धानंतरच्या दशकात वऱ्हाडावर दुसरेच वादळ आले, शब्दांचे.

अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या कचेरीतला एखादा कारकून डोळ्यांसमोर आणा. त्याच्या आजोबांच्या दप्तरात निजामी काळची फारसी मिसळलेली मराठी होती. त्याने स्वतः इंग्रजीत टिपणे लिहायला शिकून नोकरी मिळवली. वऱ्हाड १९०३ पासून मध्य प्रांताच्या कारभाराला जोडलेला, राजधानी नागपूर. स्वातंत्र्याच्या सुमारास डॉ. रघुवीर हे लाहोरहून आपली संस्था घेऊन नागपूरला आले आणि रविशंकर शुक्लांच्या सरकारच्या पाठिंब्याने प्रशासनाची नवी परिभाषा घडवू लागले. त्यांची रीत गणितासारखी होती: संस्कृतचे काही शे धातू, मोजके उपसर्ग, मोजके प्रत्यय, आणि त्यांच्या जोडणीतून हवे तितके शब्द. 'नियम' घेतला की त्याला उपसर्ग लावून अधिनियम, विनियम असा परिवार उभा करता येतो, आणि तिन्हींतला कायदेशीर फरक शब्दाच्या रूपातच दिसतो. या रीतीला हसणे सोपे आहे. तिच्यामागचा विचार मात्र पोरकट नव्हता. इंग्रजीतही असे शब्द लॅटिन आणि ग्रीकच्या खाणीतूनच आलेले असतात.

हसणारे मात्र खूप होते. आगगाडीला, सिग्नलला, चहाला लांबलचक संस्कृत नावे देण्याचे विनोद त्या काळापासून घरोघरी चालत आले आहेत. त्यांतले बहुतेक शब्द कुठल्याही कोशकाराने दिलेले नाहीत, टवाळांनी रचले आहेत. पंडित नेहरूंनाही ही घडवलेली भाषा कृत्रिम वाटे. टवाळीत तथ्याचा एक कण होता तो हा: लोकांना शब्द हवा असतो तेव्हा ते थांबत नाहीत. आगगाडी हा शब्द असाच आला. रूळ, डबा, सांधेवाला, शिटी, फाटक, वाघीण हे शब्द कोणत्या समितीने दिले नाहीत. रेल्वेच्या पहिल्या पिढीने तोंडातल्या तोंडात घडवले. याच अमरावतीत शिकलेले श्रीधर व्यंकटेश केतकर १९२० च्या दशकात मराठी ज्ञानकोश काढत होते, तेव्हा त्यांनाही भौतिकशास्त्रापासून राज्यशास्त्रापर्यंत प्रत्येक लेखात हा पेच सोडवावा लागला.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मध्य प्रदेशातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आले, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. आपल्या कारकुनाने जेमतेम पाठ केलेली नागपुरी-हिंदी परिभाषा पुन्हा बदलणार होती. त्याच वर्षी भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६२ मध्ये पदनाम कोश आला, १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम. एका माणसाच्या नोकरीत कचेरीच्या तीन भाषा! तंत्रज्ञान बदलले की कर्मचाऱ्याला नवे शब्द शिकावे लागतात, अशी तक्रार आज कुणी करत असेल तर या कारकुनाचे स्मरण ठेवायला हरकत नाही.

या उलथापालथीत वऱ्हाडने एक शब्द जिंकला आणि एक गमावला, याची आठवण फारशी कुणी काढत नाही. पश्चिम महाराष्ट्रात मामलेदार होता, विदर्भात तहसीलदार. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने तहसीलदार उचलला आणि मामलेदार मागे पडून पुणे-साताऱ्यालाही तहसील कचेरी आली. गावच्या पातळीवर मात्र उलटे घडले: विदर्भातला पटवारी गेला आणि तलाठी आला. वऱ्हाडातली जुनी माणसे अजून सातबारा पटवाऱ्याकडेच मागतात. आता तलाठ्याचेही ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, म्हणजे पटवारी म्हणणारे दोन शब्द मागे आहेत.

रेल्वेतही हेच चालू आहे. वाफेबरोबर आगवाला गेला. गेल्या दोन दशकांत ड्रायव्हरचे लोको पायलट झाले, आणि जानेवारी २०२२ मध्ये गार्डचे ट्रेन मॅनेजर. दीडशे वर्षे हिरवी-लाल झेंडी हातात धरणाऱ्या पदाला व्यवस्थापनाच्या भाषेतले नाव मिळाले. काम जवळपास तेच राहिले. कर्मचाऱ्यांची ही मागणी जुनी होती, कारण 'गार्ड' म्हटले की बाहेरच्या माणसाला इमारतीचा पहारेकरी आठवे. इथे परिभाषा कुणाला बाहेर ठेवण्यासाठी बदलली नाही, मान मिळावा म्हणून बदलली. धंद्याच्या शब्दांकडे फक्त संशयाने पाहणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यायला हवे.

पेट्रोल पंपाला मात्र आजवर कुणी प्रतिशब्द रुजवू शकलेले नाही. गाडीत 'तेल टाकतात', टाकी 'फुल' करतात, गाडी 'रिझर्व्हला' येते. हे सारे शब्द वऱ्हाडीत इतके मुरले आहेत की त्यांचे परदेशी मूळ भाषाशास्त्रज्ञालाच आठवावे.

जून २०२२ मध्ये अमरावती ते अकोला या राष्ट्रीय महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग अंथरला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. याच वाटेने कधीकाळी पावसाळ्यात बंडी निघत नसे. त्याच वर्षी ११ डिसेंबरला समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. सुरुवातीच्या दिवसांत प्रवाशांची सर्वांत मोठी तक्रार होती ती पेट्रोल पंप, पाणी आणि विसाव्याच्या जागा पुरेशा नसल्याची. रस्ता ताशी एकशेवीसचा, पण निघण्यापूर्वी टाकी भरून घ्या असे लोक एकमेकांना बजावत. राज्याचे विद्युत वाहन धोरण त्याआधीच, जुलै २०२१ मध्ये, जाहीर झाले होते आणि चार्जिंगच्या खांब्यांची चर्चा या महामार्गालाही लागू होती.

हा महामार्ग कारंज्याजवळून जातो. वजने कोणती आणि तोलणारा कोण, हे १८८६ मध्ये जिथे ठरले, तेच ते कारंजा. तिथून गाडी उतरवून गावात शिरले तर शकुंतलेचे अडीच फुटी रूळ काही ठिकाणी अजून दिसतात, आणि कापसाच्या हंगामात बाजार समितीच्या आवारात भाव पुकारला जातो तो क्विंटलमध्ये. जिनात गेलेल्या रुईचा भाव मात्र संध्याकाळी फोनवर खंडीतच विचारतात.